महागाई पाव टक्क्यावर आली, तरी आठवड्याचा बाजार स्वस्त का वाटत नाही?

दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास केंद्र सरकारचे सांख्यिकी मंत्रालय किरकोळ महागाईचा दर जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो पहिल्या पानावर येतो. ऑक्टोबर २०२५ साठी हा दर ०.२५ टक्के होता. २०१२ हे पायाभूत वर्ष, म्हणजे किमतींचे मोजमाप जिथून सुरू होते ते वर्ष, धरून चालवलेल्या त्या मालिकेतला तो नीचांक होता. ही बातमी वाचून कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मंडईत पिशवी घेऊन निघालेल्या कोणाही गृहिणीला आपला आठवड्याचा खर्च वर्षभरात जेमतेम पाव टक्क्याने वाढला आहे, असे वाटले नसणार. त्यातून लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: एक तर सरकार खोटे बोलते किंवा आपला हिशेब चुकतो. माझ्या मते बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. सरकारी आकडा एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि घरातली वही वेगळ्याच प्रश्नाचे.

किमती वाढण्याचा वेग आणि किमतींची पातळी

किरकोळ महागाईचा दर ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढतात. ठरावीक वस्तू आणि सेवांच्या एका टोपलीची किंमत देशभरातल्या निवडक बाजारांत दर महिन्याला टिपली जाते आणि ती मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिली जाते. त्यातून निघतो तो किमती वाढण्याचा वेग.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी कोल्हापूरकर तासातासाला पाहत असतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाणी ४४ फुटांवर असताना ‘वाढ थांबली’ अशी बातमी आली, तरी सुतारवाड्यातल्या घरांत शिरलेले पाणी तेवढ्याने बाहेर पडत नाही. ते आणखी चढत नाही, इतकाच त्या बातमीचा अर्थ असतो. महागाईचा दर शून्याजवळ आला, म्हणजे किमतींची वाढ थांबली. मागच्या चार-पाच वर्षांत चढलेल्या किमती बहुतांशी तिथेच उभ्या असतात आणि गृहिणीला रोज भेटते ती ही पातळी.

तुलना कोणत्या महिन्याशी केली जाते, यावरही बरेच अवलंबून असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्यांचे दर आदल्या वर्षाच्या ऑक्टोबरपेक्षा ४२.१८ टक्क्यांनी वाढले होते. त्यानंतरच्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ मध्ये, ते २७.५७ टक्क्यांनी उतरले. हे दोन आकडे एकापुढे एक मांडून पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना येणारे माळवे २०२४ मध्ये १४२ रुपयांना गेले आणि २०२५ मध्ये ते सुमारे १०३ रुपयांवर आले. बातमीत ‘भाज्या २७ टक्क्यांनी स्वस्त’ असे छापून येते आणि ते खरेही असते. पण दोन वर्षांपूर्वीचा भाव ज्याच्या लक्षात आहे त्याला काहीही स्वस्त झालेले दिसत नाही, कारण दर जवळपास होते तिथेच परत आलेले असतात. अर्थतज्ज्ञ याला पायाभूत परिणाम म्हणतात. महागाईची कोणतीही बातमी वाचताना ‘मागच्या वर्षी याच महिन्यात काय झाले होते?’ हा प्रश्न आधी विचारला, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

टोपली कोणाची, आणि तिच्यात कशाला किती वजन?

टोपलीतल्या सगळ्या वस्तू सारख्या महत्त्वाच्या नसतात. घरखर्चात ज्या वस्तूचा वाटा जितका, तितके वजन तिला निर्देशांकात दिले जाते. या वजनाला भारांक म्हणतात. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेये यांचा भारांक ४५.८६ टक्के होता. त्यात सगळ्या भाज्यांचा मिळून ६.०४ टक्के, कांद्याचा ०.६४ आणि टोमॅटोचा ०.५७ टक्के होता. टोमॅटो शंभरीला टेकला की गल्लोगल्ली त्याची चर्चा होते, पण सरासरी घराच्या शंभर रुपयांच्या खर्चात तो साठ पैशांहूनही कमी जागा अडवतो.

भारांकाचे महत्त्व घरच्या दोन वस्तूंवरून ध्यानात येईल. एका घरात महिन्याला चार लिटर तेल लागते आणि रोज दोन लिटर दूध येते, असे धरा. तेल लिटरमागे २० रुपयांनी महागले, तर महिन्याला ८० रुपये जास्त जातात, म्हणजे आठवड्याला साधारण १८ रुपये. दूध लिटरमागे फक्त २ रुपयांनी वाढले, तर महिन्याला १२० रुपये जास्त, म्हणजे आठवड्याला २८ रुपये. तेलाच्या वीस रुपयांवर आठवडाभर बोलणे होते. दुधाचे दोन रुपये मात्र कार्डावर किंवा महिन्याच्या बिलात मुकाट्याने मिसळून जातात. खिशाला जास्त चाट कशाने बसली, हे दरवाढीच्या आकड्यावरून कळत नाही. दरवाढीला खपाने गुणल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या आकड्यात नेमके हेच झाले होते. भाज्या आणि डाळी (डाळी सुमारे १६ टक्क्यांनी) उतरल्यामुळे एकूण आकडा खाली ओढला गेला, पण त्याच महिन्यात खाद्यतेल वर्षापूर्वीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी महाग होते. भारत आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा प्रभावी आयातकर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेण्यात आला होता. मे २०२५ च्या अखेरीस तो १६.५ टक्क्यांवर आणला गेला, तरी बाजारातला भाव पूर्वीच्या जागी आला नाही. ज्या घरात तळण जास्त आणि भाजी बेताची, त्या घराचा महागाईचा दर सरकारी दरापेक्षा बराच वर असणार, हे उघड आहे.

शिवाय २०१२ च्या मालिकेची टोपली २०११-१२ च्या पाहणीवरून बांधलेली होती आणि दहा-बारा वर्षांत लोकांचा खर्च बदलला होता. आता २०२४ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका सुरू झाली आहे आणि तिच्यात खाद्यपदार्थांचा भारांक सुमारे ३७ टक्क्यांवर आणला आहे. त्यामुळे यापुढे भाजीच्या चढउतारांनी एकूण आकडा पूर्वीइतका हिंदकळणार नाही.

मग एखादे कुटुंब आठवड्याला खाण्यावर किती खर्च करते?

या प्रश्नाचे उत्तर निर्देशांकात नसते. ते घरगुती उपभोग खर्च पाहणीत सापडते. राष्ट्रीय नमुना पाहणीचे प्रतिनिधी देशभरातल्या निवडक घरांत जाऊन काय खाल्ले, काय वापरले आणि त्याची किंमत किती, हे विचारतात. २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशात दरमहा दरडोई सरासरी खर्च शहरी भागात ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये होता; त्यातला खाण्याचा वाटा अनुक्रमे ३९.६८ आणि ४७.०४ टक्के होता.

यावरून चौघांच्या घराचा हिशेब असा निघतो. शहरात माणशी सुमारे २,७७६ रुपये खाण्यावर जातात, म्हणजे चौघांचे महिन्याला ११,१०० रुपये आणि आठवड्याला सुमारे २,५६० रुपये. खेड्यात माणशी सुमारे १,९३९ रुपये, म्हणजे चौघांचे आठवड्याला जवळपास १,७९० रुपये. हे आकडे त्या वर्षीच्या भावांचे आणि देशाच्या सरासरीचे आहेत. दसरा चौकापासून चार किलोमीटरच्या आतच या सरासरीच्या दुप्पट आणि निम्मा खर्च करणारी घरे शेजारीशेजारी सापडतील.

पाहणीची एक पद्धत इथे सांगण्यासारखी आहे. धान्य, डाळी, साखर यांचा खप मागच्या ३० दिवसांचा विचारतात. पण भाजीपाला, फळे, अंडी, मांस-मासे, तेल, मसाले आणि तयार खाद्यपदार्थ यांच्याबद्दल मागच्या सात दिवसांचेच विचारतात. महिन्यापूर्वी मेथीची पेंडी किती रुपयांना घेतली हे कोणाला आठवणार? माणसाच्या स्मरणाला आठवड्याचे माप सोसते, म्हणून हा नियम.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. खाण्याच्या बाबतीत पाहणी खरेदी मोजत नाही, खप मोजते. कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, खोबरे, तीळ, खडा मसाला, कांदा, लसूण हे सगळे एका आठवड्यात घरात येते, भाजून कांडपाला जाते आणि त्या आठवड्याची वही पाहिली तर घर जणू दिवाळखोरीत निघाले असे वाटावे. वर्षाचा तांदूळ किंवा गहू भरण्याचा आठवडाही तसाच असतो. त्यानंतरचे कित्येक आठवडे खर्च कृत्रिमरीत्या कमी दिसतो. खरा आठवड्याचा खर्च काढायचा असेल, तर चटणीच्या एकूण खर्चाला ५२ ने भागून प्रत्येक आठवड्याच्या नावे तेवढा भाग मांडावा लागतो. तो किती लहान निघतो, हे एकदा करून पाहण्यासारखे आहे.

आठवड्यावरून महिना काढतानाही एक फसगत होते. आठवड्याला २,००० रुपये लागतात, म्हणून पुष्कळ जण महिन्याचे ८,००० रुपये धरतात. वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाही. त्यामुळे महिन्याचा खरा आकडा ८,६६७ रुपये होतो. दर महिन्याच्या अखेरीस ‘सहा-सातशे रुपये कुठे गेले?’ असा जो वाद घरात होतो, त्याचे उत्तर अनेकदा दिनदर्शिकेतच असते.

‘आमचा खर्च तर याहून कितीतरी जास्त आहे’

हा आक्षेप येणारच आणि तो रास्त आहे. पण आधी वाण्याचे बिल उघडून पाहावे. यादीत ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, गूळ आणि चहाबरोबरच अंगाचा साबण, कपड्याची पावडर, भांड्याची वडी, दंतमंजन, उदबत्ती आणि डासांच्या वड्याही असतात. पाहणीच्या लेखी हे खाणे नव्हे. स्वयंपाकाचा गॅसही खाण्यात धरत नाहीत. तो इंधनात जातो. उलट, हॉटेलात खाल्लेली मिसळ आणि टपरीवरचा चहा वाण्याच्या बिलात नसतो, पण पाहणीच्या खाण्यात असतो. म्हणून आपले बिल आणि सरकारी आकडा समोरासमोर ठेवण्यापूर्वी दोन्हीकडची यादी सारखी करून घ्यावी लागते.

रविवारच्या मटणाचा मुद्दा मात्र कोणत्याही सरासरीत बसत नाही. देशाच्या सरासरीत शाकाहारी घरेही येतात आणि महिन्यातून एकदा कोंबडी आणणारीही येतात. इथे तांबड्या-पांढऱ्याशिवाय रविवार मोडतो, अशी समजूत असलेली घरे पुष्कळ आहेत. मटणाचा दर इथे किती जिव्हाळ्याचा विषय आहे, हे २०१९ च्या अखेरीस दिसले. दरवाढीविरुद्ध कृती समित्या उभ्या राहिल्या, विक्री बंद पडली आणि प्रकरण जिल्हा प्रशासनापर्यंत गेले. निर्देशांकाच्या भाषेत सांगायचे, तर कोल्हापुरी घराच्या टोपलीत मटणाचा भारांक देशाच्या टोपलीपेक्षा फार मोठा आहे आणि म्हणून देशाचा महागाईचा दर इथल्या स्वयंपाकघराला अपुरा पडतो.

‘खर्च वाढला, म्हणजे महागाई वाढलीच ना?’

तसे होईलच असे नाही. खर्च तीन कारणांनी वाढतो: भाव वाढल्याने, जास्त घेतल्याने आणि वेगळे घेतल्याने. यातले फक्त पहिले कारण म्हणजे महागाई. तिसऱ्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. २०११-१२ मध्ये ग्रामीण भागात शंभरातले जवळपास ११ रुपये धान्यावर जात होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे ५ वर आले. शहरी घरांत आता पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवर एकूण खर्चाच्या ११.०९ टक्के जातात. चौघांच्या शहरी घराच्या वर काढलेल्या २,५६० रुपयांपैकी सुमारे ७१५ रुपये एवढ्यावरच खर्च होतात. बिस्किटे, फरसाण, नूडल्स, थंड पेये आणि बाहेरचे जेवण यांचा हा खर्च आहे. तो करू नये, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. दोघेही कामावर जाणाऱ्या घरात संध्याकाळची दोन तासांची सोय त्यातून विकत घेतलेली असते. पण तो सगळा महागाईच्या खाती टाकता येत नाही.

याच्या उलट, भाव न वाढताही महागाई घरात शिरते. पाकिटाची किंमत तीच राहते आणि आतले वजन कमी होते. एक लिटर सोयाबीन तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरते. पण दिसायला तशाच असणाऱ्या काही पिशव्यांवर ८५० किंवा ८०० ग्रॅम छापलेले असते. पाकीटबंद मालावर आता ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापणे बंधनकारक आहे. बारीक अक्षरांतला हा एकक दर पाहिल्याशिवाय दोन पिशव्यांपैकी स्वस्त कोणती हे ठरवता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याचा फायदा कोणाला किती मिळाला, हे शोधण्याचा मार्गही तोच होता. तेल, साखर आणि चहा यांवर आधीही ५ टक्के होता आणि नंतरही ५ टक्केच राहिला, त्यामुळे ‘कर कमी झाला तरी बिल तेवढेच’ ही तक्रार अनेक घरांच्या बाबतीत शब्दशः खरी होती.

एकाच दरवाढीचा चटका सगळ्यांना सारखा का नसतो?

१८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, घराचे उत्पन्न जसे वाढते, तसा खाण्यावरचा खर्च रुपयांत वाढला तरी एकूण खर्चातला त्याचा वाटा घटत जातो. महिन्याला १५,००० रुपये खर्च करणाऱ्या घरात ८,००० रुपये खाण्यावर जात असतील, तर खाणे दहा टक्क्यांनी महागल्यावर त्या घराचा एकूण खर्च ५.३ टक्क्यांनी वाढतो. ६०,००० खर्च करून १८,००० खाण्यावर घालवणाऱ्या घराचा खर्च ३ टक्क्यांनीच वाढतो. बाजार एकच, भाव एकच, महागाई मात्र दोन वेगवेगळ्या.

रेशनमुळे हा फरक थोडा बोथट होतो. अन्नसुरक्षा योजनेत बसणाऱ्या प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. पण रेशनवर धान्य मिळते; तेल, भाजी, दूध आणि डाळीची सोय बाजारातूनच करावी लागते, आणि भावांची उडी तिथेच मोठी असते.

या आकड्याचा घराशी संबंध काय?

थेट आहे. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के वर-खाली, राखण्याचे लक्ष्य दिलेले आहे आणि त्यासाठी हाच निर्देशांक पाहिला जातो. २०२५ मध्ये भाज्या-डाळी उतरून दर खाली आला आणि बँकेने वर्षभरात रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. बदलत्या व्याजाचे गृहकर्ज असलेल्या घराचा हप्ता अशा रीतीने मंडईतल्या भावांशी बांधलेला असतो. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या वेगळ्या निर्देशांकावरून जानेवारी आणि जुलैमध्ये ठरतो. हॉटेलातल्या कामगाराला, शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा रिक्षाचालकाला असा भत्ता कोणताच निर्देशांक देत नाही.

‘भाजी स्वस्त झाली, तर सगळ्यांचेच भले’

हा समज शहरात बसून होतो. कोल्हापूर जिल्ह्यात खाणारे घर आणि पिकवणारे घर अनेकदा एकाच आडनावाचे असते. टोमॅटो दहा रुपये किलोने मिळू लागला, की निर्देशांक सुधारतो आणि शिरोळ किंवा करवीरच्या शेतकऱ्याला तोडणीची मजुरीही सुटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो, त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे. उरलेल्यात वाहतूक, हमाली, अडत, नासाडी आणि विक्रेत्यांचा नफा असतो. दुधाचे गणित जरा वेगळे आहे. गावच्या दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी निघते आणि खेड्यातल्या पुष्कळ घरांचा वाणसामानाचा खर्च त्यातूनच भागतो. विक्रीदराबरोबर खरेदीदरही वाढला, तर शहरातल्या घरातून आठवड्याला गेलेल्या त्या २८ रुपयांपैकी काही भाग तिथल्या बिलात जमेच्या बाजूला दिसतो. फक्त विक्रीदरच वाढला, तर गोठ्यातल्या हिशेबात काहीच बदलत नाही. म्हणून दूध महागल्याची बातमी आली, की तिच्यात खरेदीदराचाही उल्लेख आहे का, हे आधी पाहावे.